सरकते फिल्टर

लांब पल्ल्याच्या फायबरचा प्रयोग पाहायला समुद्रावर जावं लागत नाही. टेबलावर फायबरची रिळं, मधेमधे अ‍ॅम्प्लिफायर, टोकं जोडून केलेला लूप आणि एक ऑप्टिकल स्विच. सॉलिटॉन, म्हणजे आकार टिकवून धावणाऱ्या प्रकाशाच्या पल्स, त्यांची माळ आत सोडायची आणि फिरू द्यायची. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. १०,००० किलोमीटरची मजल सेकंदाच्या विसाव्या भागात उरकते.

खरी गंमत ऑसिलोस्कोपवर. असंख्य बिट एकावर एक उमटून पडद्यावर डोळ्यासारखी आकृती तयार होते. तिला सगळे ‘आय’च म्हणतात. पहिल्या फेऱ्यांत तिच्या कडा रेखीव असतात. मग त्या आडव्या फिसकटू लागतात. पल्सचा आकार बऱ्यापैकी शाबूत असतो, ती फक्त वेळेवर येत नाही. सेकंदाला १० गिगाबिटच्या वेगाला एका बिटच्या वाट्याला जेमतेम १०० पिकोसेकंद येतात. त्यातून पल्स घसरली, की बिट चुकलाच.

१९८६मध्ये जेम्स गॉर्डन आणि हर्मन हाउस यांनी याचं कारण मांडलं. अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज पल्सची फ्रिक्वेन्सी किंचित हलवतो आणि फायबरमध्ये फ्रिक्वेन्सी हलली की वेग बदलतो. पुढचं सगळं अंतर करतं: पल्सच्या वेळेतल्या या डळमळीचा, म्हणजे जिटरचा, व्हेरियन्स अंतराच्या घनाने वाढतो. अंतर दुप्पट, तर तो आठपट.

म्हणून औषध वेळेला नाही, फ्रिक्वेन्सीला द्यायचं. वाटेत ठिकठिकाणी फिल्टर बसवले, की भरकटलेल्या पल्सची बाहेरची बाजू जास्त कापली जाते आणि ती पुन्हा मध्याकडे वळते. पण फिल्टर थोडा प्रकाश खातो. तो भरून काढायला जादा गेन द्यावा लागतो, आणि फिल्टरच्या बरोबर मध्यावरचा नॉइज या गेनवर फुकटात पोसला जातो.

यावरची बेल लॅब्जची युक्ती मला अजूनही बेरकी वाटते. लिन मॉलेनॉअर आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये सुचवलं, की प्रत्येक पुढच्या फिल्टरचा मध्य जरासा सरकवा. गुराखी पुढे निघाला की गुरं मागून येतात, पाचोळा जागीच राहतो. तसा सॉलिटॉन आपल्या नॉनलिनिअर गुणामुळे फ्रिक्वेन्सी बदलत फिल्टरमागे जातो. नॉइजला ते जमत नाही, तो मागे पडून कापला जातो. पुढच्याच वर्षी त्यांनी लूपमध्ये १० गिगाबिटचा सिग्नल २०,००० किलोमीटरपलीकडे बिनचूक नेऊन दाखवला.

अटलांटिकच्या तळाशी मात्र ही करामत गेली नाही. १९९६ची टॅट-१२/१३ केबल सॉलिटॉनशिवाय, ५ गिगाबिटच्या साध्या सिग्नलवर चालली. एकदा बुडवलं की सहज हात लावता येत नाही, तिथे नेमक्या क्रमाने सरकत जाणारे फिल्टर टाकायला मीही धजावलो नसतो.