विश्लेषण : विद्यार्थ्यांची स्पर्धा १२ दिवसांची, कर्ज ३३ वर्षांचे! शेफील्डने काय कमावले, काय गमावले?

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात जुलै १९९१ मध्ये जगभरातले विद्यार्थी-खेळाडू जमले, १२ दिवस खेळले आणि परत गेले. त्यांच्यासाठी बांधलेल्या क्रीडा संकुलांचे हप्ते मात्र शहर २०२४ पर्यंत फेडत होते. त्यातले मुख्य स्टेडियम तर कर्ज फिटण्याच्या दहा वर्षे आधीच जमीनदोस्त झाले. मग हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार होता का?

स्पर्धा शेफील्डमध्येच का?

शेफील्ड म्हणजे पोलाद आणि सुऱ्या-काट्यांचे शहर. १९८०च्या दशकात तिथले कारखाने एकामागोमाग बंद पडले आणि हजारो कामगार बेकार झाले. शहराला नवी ओळख देण्यासाठी महापालिकेने खेळाचा आधार घेतला आणि जागतिक विद्यार्थी क्रीडा स्पर्धेचे, म्हणजे ‘युनिव्हर्सियाड’चे यजमानपद मिळवले. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांच्या जागांवर २५ हजार आसनांचे डॉन व्हॅली स्टेडियम आणि पाँड्स फोर्ज हा जलतरण तलाव उभा राहिला. शिवाय एक मोठे बंदिस्त अरेनाही बांधले गेले.

कर्ज एवढे कसे वाढले?

बांधकामाचा खर्च होता सुमारे १४ कोटी ७० लाख पौंड. केंद्र सरकारने हात आखडता घेतल्याने भार महापालिकेवर आला. पुढे परतफेडीची मुदत लांबली. गृहकर्ज घेतलेल्यांना हे गणित नवे नाही. मुदत वाढली की हप्ता हलका होतो, पण एकूण व्याज फुगते. व्याजासह ही रक्कम ६५ कोटी पौंडांच्या पुढे जाईल, असा हिशेब नंतर समोर आला. १९९१ मध्ये जन्मलेले मूल तिशी ओलांडेपर्यंत शहर हे पैसे भरत राहिले.

मग स्टेडियम का पाडले?

ॲथलेटिक्ससाठी २५ हजार प्रेक्षक क्वचितच येतात. रिकाम्या खुर्च्यांची देखभाल मात्र चुकत नाही. डॉन व्हॅलीसाठी महापालिकेला दरवर्षी सुमारे सात लाख पौंड पदरचे घालावे लागत होते. २०१३ मध्ये खर्चकपातीची वेळ आली, तेव्हा स्टेडियमवर कुऱ्हाड कोसळली. जेसिका एनिस हिने आदल्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये हेप्टॅथलॉनचे सुवर्ण जिंकले होते. ती याच शहरात जन्मली, शेफील्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकली आणि याच स्टेडियमवर सराव करून मोठी झाली. एवढ्या मोठ्या यशानंतरही स्टेडियम वाचले नाही.

यात विद्यापीठांची भूमिका काय?

शेफील्ड विद्यापीठ आणि शेफील्ड हॅलम विद्यापीठ या दोन संस्थांत मिळून सुमारे ६० हजार विद्यार्थी शिकतात. १९९१ मध्ये हॅलम ही पॉलिटेक्निक होती. विद्यापीठाचा दर्जा तिला पुढच्या वर्षी मिळाला. डॉन व्हॅली बंद झाल्यावर वुडबर्न रोडवरचे जुने ॲथलेटिक्स मैदान चालवण्याची जबाबदारी हॅलमनेच घेतली. पाडलेल्या स्टेडियमच्या परिसरात आता ‘ऑलिम्पिक लेगसी पार्क’ आहे. तिथे २०२० मध्ये हॅलमचे आरोग्य आणि शारीरिक हालचालींवरचे संशोधन केंद्र सुरू झाले. शिवाय हॅलममध्ये स्पोर्ट्स इंजिनीअरिंग हा विषय शिकवला जातो. चेंडू हवेत कसा वळतो, बुटाची पकड कुठे सुटते, खेळाडूच्या हालचाली कॅमेऱ्याने कशा मोजायच्या, असे प्रश्न त्यात येतात. मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटर शाखेच्या पदवीधरांना हे काम ओळखीचे वाटेल.

१९९१ चे अरेनाही वापरात आहे. दोन्ही विद्यापीठांच्या वार्षिक ‘व्हर्सिटी’ लढतीतला आइस हॉकीचा सामना तिथेच रंगतो आणि हजारो विद्यार्थी गर्दी करतात. पाँड्स फोर्जमध्ये राष्ट्रीय जलतरण स्पर्धा होतात आणि इतर दिवशी शहरातली मुले तिथेच पोहायला शिकतात.

यातून धडा कोणता?

पडले ते वर्षातले मोजकेच दिवस भरणारे स्टेडियम. टिकला तो तलाव, ते अरेना आणि विद्यापीठाने हाती घेतलेले मैदान, कारण तिथे रोज कोणी ना कोणी येते. अर्थात, त्यासाठीचे पैसे त्या तलावात कधी पाय न बुडवलेल्या करदात्यांनीही भरले, हेही विसरता येत नाही.

अहमदाबादला २०३० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा होणार आहेत. स्टेडियम किती भव्य असेल, याची चर्चा आपल्याकडे होईलच. पण स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या सोमवारी सकाळी सहा वाजता तिथे कोण सराव करत असेल आणि त्याचे वीजबिल कोण भरेल, हे शेफील्डला महागात पडलेले दोन प्रश्न बांधकामाआधीच विचारलेले बरे.