वर्गणीचा सिनेमा

जॉन अब्राहम म्हटलं की आपल्याला हिंदीतला पिळदार नट आठवतो. मल्याळी रसिकांचा जॉन वेगळा. १९३७चा जन्म, एलआयसीतली नोकरी सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झालेला, ऋत्विक घटकांचा विद्यार्थी, मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’चा सहायक. स्वतःचे कथापट अवघे चार.

त्यातला ‘अग्रहारत्तिल कळुदै’ (१९७७) तमिळ. ब्राह्मणवस्तीत एक प्राध्यापक गाढवाचं अनाथ पिल्लू पाळतो. लोक आधी त्या गाढवाला मारतात आणि मग त्याचेच चमत्कार सांगत देऊळ बांधायला निघतात! चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वादही तेवढाच झाला. असल्या माणसावर पैसे कोण लावणार?

जॉनने निर्माता शोधणंच सोडलं. १९८४ साली कोळिकोडमध्ये मित्रांना घेऊन त्याने ‘ओडेसा’ ही मंडळी उभी केली. गावोगाव जायचं, १६ मिमीच्या प्रोजेक्टरवर चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा आणि जमलेल्या लोकांपुढे हात पसरायचा. आपल्या गणपतीची वर्गणीच म्हणा, फक्त पावतीवर सिनेमा. त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) तयार झाला. एवढ्यातेवढ्या रकमा देणारे शेकडो लोक, त्यामुळे शेवट बदला म्हणणारा कुणी एक मालकच नाही. लहान रकमेचं हे बळ जॉनने नेमकं ओळखलं होतं.

गंमत अशी, की चित्रपटाची गोष्टही वर्गणीसारखीच वाढते. दिल्लीला निघालेल्या पुरुषनला वाटेत एका तरुणाचं प्रेत दिसतं. तो तबलजी हरी होता, हे कळल्यावर त्याच्या आईला निरोप द्यायला पुरुषन वायनाडहून कोचीकडे निघतो. गावागावात हरीचे मित्र भेटतात, सोबत येतात, घोळका मोठा होत जातो. मध्येच संप, मोर्चे, पोलिसी मार यांची खरीखुरी हकिकत येते. हा कृष्णधवल चित्रपट संथ आहे, पसरटही आहे. चॅप्लिनवर खूश होऊन पैसे दिलेल्या सगळ्यांनाच तो रुचला असेल, असं मला वाटत नाही.

वर्गणीतून एक चित्रपट उभा राहतो. दिग्दर्शकाचा चरितार्थ तिच्यावर चालत नाही. ‘अम्मा अरियान’च्या पुढच्याच वर्षी, ३१ मे १९८७ रोजी, कोळिकोडमध्ये एका इमारतीच्या गच्चीवरून पडून जॉन गेला. ओडेसाचे सोबती नंतरही प्रोजेक्टर घेऊन हिंडत राहिले, माहितीपट करत राहिले.