बर्गे काढा, नदीला वाट द्या: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

कोल्हापूरची ओळख तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुरती नाही. महाराष्ट्रभर वापरला जाणारा ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ ही या मातीची मोठी देणगी आहे. माझ्या मते त्याचं मोठेपण पाणी अडवण्यापेक्षा ते योग्य वेळी सोडून देण्यात आहे. नदीपात्रात ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात आणि त्यांच्या खाचांत फळ्या, म्हणजे बर्गे, बसवतात. पावसाळा ओसरला की बर्गे घालून पाणी साठवायचं, पावसाळ्यापूर्वी ते काढायचे. त्यामुळे पुराबरोबर गाळही बराचसा वाहून जातो. बंद भिंतीमागे मात्र तो साचत राहतो आणि साठवण घटते. शिवाय राधानगरीसारख्या धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं, बंधाऱ्याबंधाऱ्यावर अडतं आणि शेतकरी ते पंपाने उचलतात. लांब कालवा खणून जमीन घालवावी लागत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. बर्ग्यांच्या फटींतून पाणी झिरपतं, बर्गे कुजतात, चोरीला जातात; अवकाळी पाऊस आला तर ते घाईने काढावे लागतात. पण हे दोष देखभालीचे आहेत, कल्पनेचे नाहीत. बर्ग्यांऐवजी बसवलेल्या यांत्रिक दरवाजांनाही देखभाल लागतेच आणि ते बिघडले तर गावातल्या माणसांच्या हाताने दुरुस्त होत नाहीत. खांब पुराला थोडा अडथळा करतात, हेही मान्य. म्हणूनच बर्गे वेळेत काढणं ही सुरक्षेची बाब आहे. कोल्हापुरात पुराचा धोकाही बंधाऱ्यावरच मोजतात: पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानतात. नवे बंधारे बांधण्याआधी जुन्यांचे बर्गे धड ठेवावेत, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या गावच्या बंधाऱ्याची स्थिती काय आहे?