घास सणाचा, पोट रोजचं

पोळ्याच्या दिवशी विदर्भातला शेतकरी बैलाला ओवाळतो आणि पुरणपोळीचा घास भरवतो. घास एखाद-दुसराच असतो. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत पुन्हा कडबा आणि कुटार. हात सैल सोडून कोणी बैलाला पोळ्यांची चळतच चारली, तर रात्री पोट फुगलेला बैल घेऊन डॉक्टरांकडे धावायची वेळ येते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पुस्तक न वाचताही ठाऊक असतं. ज्या पोटात गवत आंबवून पचवलं जातं, त्या पोटाला गोडधोड झेपत नाही.

हेच शहाणपण आता शहरातल्या घरांत नव्याने शिकायची वेळ आली आहे. मांजर आणि कुत्र्यांच्या बरोबरीने ससे, गिनीपिग, हॅमस्टर घरात आले आणि त्यांच्यामागून मऊ राखाडी फरचा, गोल कानांचा चिंचिलाही आला. वजन जेमतेम 500 ग्रॅम, डोळे काळेभोर, पुढचे पाय हातांसारखे वापरून खाण्याची लकब. तो समोर बसला की कोणालाही वाटतं, याला काहीतरी द्यावं. नागपुरात तर डायनिंग टेबलावर संत्र्यांची टोपली असतेच. सोललेली एक फोड पिंजऱ्यात सरकवायला कितीसा वेळ लागतो?

ती फोड आधी काट्यावर ठेवून पाहू. संत्र्याची मध्यम फोड साधारण 10 ग्रॅमची भरते. 500 ग्रॅमच्या प्राण्यासाठी तो वजनाचा पन्नासावा भाग झाला. 60 किलोच्या माणसाच्या हिशेबात हे एका बैठकीत सव्वा किलो सोललेली संत्री खाण्यासारखं आहे. आपण प्रेमाने देतो ती ‘छोटीशी’ गोष्ट त्याच्या मापाने छोटी राहत नाही.

उंच, कोरड्या डोंगरातलं पोट

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. कातळाच्या कपारी, कोरडी हवा, थंड रात्री आणि खायला राठ गवत, पानं, साली, खुरटी झुडपं. रसाळ फळाशी त्याची गाठ क्वचितच पडते. असं निकृष्ट वाटणारं अन्न सोनं करून दाखवणारी यंत्रणा त्याच्या शरीरात आहे आणि ती समजली की खाऊचे सगळे नियम आपोआप समजतात.

सुरुवात दातांपासून. त्याचे पटाशीचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात वर्षाकाठी पाच सेंटिमीटरहून जास्त वाढू शकतात. राठ गवत तासन्‌तास चघळताना ते झिजतात आणि वाढ व झीज यांचा हिशेब जुळतो. मऊ खाऊवर वाढलेल्या चिंचिलाच्या दाढा झिजत नाहीत. त्यांची टोकं जिभेत, गालात रुततात, मुळं जबड्यात खोल शिरतात. मग लाळ गळते, हनुवटी ओली राहते आणि भूक असूनही प्राणी खाणं सोडतो. दातांचं हे दुखणं एकदा जडलं की पूर्ण बरं होणं फार कठीण.

दातांनंतर आतडं. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सीकम नावाची मोठी पिशवी असते. गाईच्या पोटात रूमेन जे काम करतं, तेच काम इथे ही पिशवी करते. तिच्यात राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव तंतुमय पदार्थ आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लांवर प्राण्याला ऊर्जा मिळते. त्याच सूक्ष्मजीवांनी बनवलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं वाया जाऊ नयेत, म्हणून चिंचिला मऊ लेंड्यांचा एक प्रकार थेट गुदद्वारातून उचलून पुन्हा खातो. बघणाऱ्याला ते किळसवाणं वाटेल, पण त्याच्या दृष्टीने ते दुसऱ्या पंगतीचं जेवण आहे.

साखर आणि पिष्ट जास्त झालं की या पिशवीतला तोल बिघडतो. तंतूवर जगणारे जीव मागे पडतात, साखरेवर झपाट्याने वाढणारे पुढे सरसावतात आणि वायू धरू लागतो. गाय निदान ढेकर देऊन वायू बाहेर टाकते. चिंचिलाला ती सोय नाही आणि त्याला उलटीही होत नाही. आत गेलेली चूक बाहेर टाकायला त्याच्याकडे मार्गच नाही. पोट ताणतं, दुखतं, आतड्याची हालचाल मंदावते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो.

मग खाऊ द्यायचा तरी काय?

आपल्या मनात खाऊ म्हटलं की गोड, मऊ, चविष्ट असं काहीतरी येतं. चिंचिलाचा खाऊ कोरडा, राठ आणि चिमूटभर असावा लागतो. तो भूक भागवण्यासाठी नसतो. हातावर यायला शिकवणं, पिंजऱ्यात परत बोलावणं, कंटाळा घालवणं, एवढंच त्याचं काम.

पहिला मान काडीला. कीटकनाशक न फवारलेल्या तुतीच्या किंवा सफरचंदाच्या फांद्या धुऊन, पूर्ण वाळवून दिल्या तर तो तासभर रमतो, दात झिजतात आणि साखर जवळजवळ शून्य. तुतीचं झाड आपल्याकडे कुंपणापाशीही सापडतं, त्यामुळे हा खाऊ फुकटचा आहे. संत्रा-लिंबाच्या आणि देवदार, चीडसारख्या चिकाच्या झाडांच्या काड्या, तसंच जर्दाळू, पीच, चेरी अशा कठीण बाठ्याच्या फळझाडांच्या ताज्या फांद्या टाळाव्यात. झाडाबद्दल मनात शंका असेल तर ती काडी देऊ नये, हा सगळ्यात सुरक्षित नियम.

दुसरा मान वाळलेल्या फुलांना. गावरान गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या सावलीत वाळवलेल्या एक-दोन पाकळ्या पुरतात. फुलं घरच्या कुंडीतली हवीत. हारातली, बाजारातली फुलं फवारलेली असतात आणि गुलकंद तर साखरच. तिसरा पर्याय म्हणजे साधे, बिनसाखरेचे ओट्स. पाच-सहा दाणे, आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त दिले तर खाऊचं जेवण होतं आणि जेवणाचं दुखणं.

न द्यायच्या गोष्टींची यादी लांब आहे, पण कारणं मोजकीच. मनुके, खजूर, केळं, संत्रं, बिस्किट, पोळी, मुरमुरे, संत्रा बर्फी यांत साखर किंवा पिष्ट आहे. शेंगदाणे, बदाम, काजू, सूर्यफुलाच्या बिया यांत मेद आहे. तो यकृतावर साचतो. लठ्ठ चिंचिलाला मधुमेह झाल्याच्याही नोंदी आहेत. कोबी, फ्लॉवरने वायू धरतो. दूध, दही, पनीर या आतड्यासाठी नाहीतच. चॉकलेट, कांदा, लसूण विषारी ठरू शकतात. दुकानातल्या रंगीत ‘मिक्स’ पाकिटात दाणे, सुका मेवा आणि मध घातलेल्या कांड्या असतात. चिंचिला त्यातलं गोड तेवढं निवडून खातो आणि गवत बाजूला सारतो.

ताटातलं मुख्य अन्न

खाऊची चर्चा गवताशिवाय अपुरी आहे, कारण ताटाचा फार मोठा भाग वाळलेल्या गवताचाच असायला हवा, आणि तो चोवीस तास समोर हवा. पाकिटात मिळणारं टिमोथी गवत थंड प्रदेशातलं. आपल्याकडचं स्वच्छ वाळवलेलं ओटचं गवत किंवा हरळीही उपयोगी पडते. गाई-म्हशींसाठी मिळणारी लसूणघास मात्र रोज देऊ नये. तिच्यात कॅल्शियम खूप असतं आणि त्याने चिंचिलाच्या मूत्रमार्गात खडे होऊ शकतात. जोडीला रोज एक-दोन चमचे पेलेट आणि स्वच्छ पाणी. यात बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, कारण सीकममधल्या सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो.

नागपूरच्या पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, पण वास सांगतो. गवत हातात घेतल्यावर कुबट वाटलं की पूर्ण पिशवी टाकून द्यावी. वाया गेलेले पैसे उपचारापेक्षा नेहमीच स्वस्त पडतात.

थंडावा हाही खाऊच

नागपूरबद्दल बोलताना उन्हाळा टाळता येत नाही. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. चिंचिलाच्या एकेका रोमकूपातून पन्नास-साठ मऊ केस येतात. अँडीजच्या थंडीत हे वरदान, नवतपात मात्र अंगावरची रजई. 25 अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो आणि उष्माघाताने तो काही मिनिटांत कोसळू शकतो. कान लाल होणं आणि आडवं पडून धापा टाकणं ही त्याची चिन्हं.

आपला भरवसा कूलरवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर. माणसासाठी तो उपाय उत्तम, पण कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणजे गारव्याबरोबर दमटपणाही वाढवतो. चिंचिला पाळणारे लोक एक ठोकताळा वापरतात. फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज 150 च्या आत हवी. कूलरने खोली 28 अंशांवर, म्हणजे सुमारे 82 फॅरनहाइटवर आणली आणि आर्द्रता 70 टक्के झाली, तर बेरीज 152. धोक्याची रेघ ओलांडली. एसीच्या खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर बेरीज 118. म्हणून नागपुरात चिंचिला आणायचा विचार करणाऱ्याने खाऊच्या आधी एसी आणि वीज गेल्यावरची सोय यांचा हिशेब करावा. तो जमत नसेल तर हा प्राणी आणूच नये. त्याच्यावरचं प्रेम दाखवायची ती अधिक खरी रीत आहे.

1923 मध्ये मॅथियास चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने चिलीतून 11 चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. त्या प्राण्यांना उष्ण सखल प्रदेश सोसावा म्हणून त्याने ते डोंगरावरून महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि बोटीवर बर्फाने गार ठेवले. आजचे बहुतेक पाळीव चिंचिला त्याच कळपाचे वंशज मानले जातात. त्यांचे रानातले भाऊबंद फरच्या हव्यासात जवळपास संपले. चिंचिलाच्या शिकारीला आळा घालण्याचा करार चिली आणि शेजारच्या देशांनी 1910 मध्ये केला, आणि 1983 मध्ये चिलीत इयापेलजवळ त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र झालं. चिंचिलाच्या दोन्ही रानटी जाती आजही धोक्यात आहेत. घरातला चिंचिला त्या डोंगराचं पोट घेऊनच आपल्याकडे येतो.

दुखणं ओळखताना

रोज लेंड्या पाहाव्यात. त्या कमी झाल्या, बारीक झाल्या किंवा थांबल्या, तर ते पहिलं लक्षण. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावं. घटणारा आकडा दाताचं दुखणं प्राण्याच्या चेहऱ्याआधी सांगतो. दिवसभर खाल्लं नाही तर वाट पाहू नये. घरातलं अँटिबायोटिक तर मुळीच देऊ नये. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातली औषधं सीकममधले उपयुक्त सूक्ष्मजीव मारतात आणि त्यानेच प्राणी दगावतो. नागपुरात सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात आहे. तरी प्राणी घरी आणण्याआधीच आपला डॉक्टर लहान तृणभक्षी प्राणी तपासतो का, हे विचारून ठेवावं. रात्री दोन वाजता तो शोध सुरू करण्यात अर्थ नसतो.

हे सगळं ससे पाळणाऱ्यांनाही बरंचसं लागू आहे. चित्रातला ससा गाजर खातो, खऱ्या सशाला गवत हवं. गिनीपिगची गोष्ट थोडी वेगळी. त्याला क जीवनसत्त्व रोज अन्नातूनच मिळावं लागतं, म्हणून सिमला मिरचीचा तुकडा त्याच्यासाठी खाऊ नसून गरज आहे. दोन्ही प्राण्यांच्या पिंजऱ्यात मूळ अन्न मात्र गवतच.

संध्याकाळी चिंचिला जागा होतो, जाळीशी येतो, पुढचे पाय जाळीवर टेकून आपल्याकडे पाहतो. त्या वेळी त्याला तुतीची वाळलेली काडी द्यावी. दोन्ही पंजांत धरून, साल सोलत, कुरकुर आवाज करत तो ती खातो. टोपलीतली संत्री आपल्यासाठी राहू द्यावीत.