आठ दिवसांत फरक दाखवणारी ट्यूब

हल्ली आपले भाग बरेच दादा आणि काका लोकही बघतात असं कळलंय. तर आजचा भाग तुमच्याही कामाचा आहे.

दर वेळी मी काहीतरी नवं लावून बघते आणि तुम्हाला सांगते, घ्या किंवा घेऊ नका. आज मी माझी एक जुनी शिफारस परत घेणार आहे.

मालिका सुरू केली त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माझ्या गालावर वांग आले होते. इंदूरचं ऊन, स्कूटरवरून फिरणं, तोंडाला ओढणी बांधायचा कंटाळा, सगळं जमून आलं होतं. शेजारच्या काकूंनी एक ट्यूब सांगितली. औषधाच्या दुकानात सहज मिळाली, कोणी चिठ्ठी विचारली नाही. रात्री लावायची, सकाळी धुवायची. आठव्या दिवशी आरशात बघितलं आणि मी थक्क झाले. डाग फिके, चेहरा एकसारखा उजळ, हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा बसलेली. नवव्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि तुम्हा सगळ्यांना ती ट्यूब दाखवली.

वडोदऱ्याला माझी मावसबहीण असते. तिने तो भाग बघून ट्यूब आणली. चार महिन्यांनी तिचा फोन आला, ‘ताई, उन्हात गेलं की चेहरा पेटतो गं. आणि क्रीम एक दिवस नाही लावलं तर दुसऱ्या दिवशी गाल लालभडक.’ व्हिडिओ कॉल केला. गालावर बारीक लाल शिरा, कपाळभर पुरळ, वरच्या ओठावर आणि कानाजवळ लव. लग्नाला दोन महिने राहिले होते.

तो भाग आता तुम्हाला सापडणार नाही, मी काढून टाकला. पण ज्यांनी बघितला त्यांचं काय, हा प्रश्न काही काढून टाकता येत नाही. म्हणून आज हे सगळं नीट समजावून सांगते.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. या तिघांच्या मिश्रणाची कल्पना जुनी आहे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी अशाच तीन प्रकारच्या औषधांचं सूत्र प्रसिद्ध केलं होतं. वांगासाठी त्वचेचे डॉक्टर आजही असं मिश्रण देतात, पण मोजके आठवडे, डोळ्यांपासून लांब, सनस्क्रीनसोबत, आणि मध्ये तपासायला बोलावून. म्हणजे औषध वाईट नाही. ते क्रीम म्हणून, महिनोन्महिने, रोज लावायची वस्तू नाही, एवढंच. आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं.

यातला खरा जादूगार म्हणजे मोमेटासोन. ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, चेहरा फिका दिसतो. आपण त्याला ‘उजळला’ म्हणतो. सूज आणि खाज दबते, म्हणून पुटकुळ्याही बसतात. रंगद्रव्य तयार होण्याचं कामही मंदावतं. हे सगळं दोन-चार दिवसांत दिसायला लागतं. आठव्या दिवशी खूश होणारी मी काही वेडी नव्हते, फरक खरोखर पडला होता.

पण तेच स्टेरॉइड रोज लावत राहिलं की त्वचेला आतून धरून ठेवणारं कोलाजेन कमी होत जातं. कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसायला लागतात. नको तिथे लव वाढते, मुरूम येतात. डोळ्यांच्या आसपास फार दिवस लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूची भीती असते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे, बंद केलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. चेहरा लाल होतो, आग होते, पुरळ उसळतं. मग बाई काय म्हणते? ‘बघा, क्रीम बंद केलं की चेहरा खराब होतो, म्हणजे क्रीमच चांगलं आहे.’ आणि पुन्हा लावायला लागते. माझी बहीणही हेच म्हणत होती.

या अवस्थेला त्वचेचे डॉक्टर ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशाच अर्थाचं नाव देतात. इतके रुग्ण येतात की वेगळं नाव द्यावं लागलं. आपल्या देशातल्या त्वचातज्ज्ञांनी निरनिराळ्या केंद्रांत मिळून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातले १२६ जण ते गोरं होण्याचं क्रीम म्हणून, कशावरही चालणारं क्रीम म्हणून, नाहीतर दाढीनंतर लावायचं म्हणून वापरत होते. दादा लोकांनो, म्हणून म्हटलं तुमच्याही कामाचं आहे. आणि मला सगळ्यात बोचलेला आकडा हा: ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. त्या २५७ जणांच्या मागे माझ्यासारखीच कोणीतरी ताई, काकू, पार्लरवाली उभी आहे.

मी स्वतः कशी वाचले, असं काही जणींनी विचारलं. शहाणपणाने नाही, आळसाने वाचले. दहा-बारा दिवसांत ट्यूब संपली, मग घरात लग्न निघालं आणि दुसरी आणायची राहूनच गेली. वांग अर्थातच परत आले.

पण मला उमगलेली मुख्य गोष्ट त्या औषधापेक्षा वेळेबद्दलची आहे. कुठल्याही उपचाराचं कौतुक पहिल्या आठवड्यात होतं आणि त्याचा त्रास तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. मधल्या काळात ती शिफारस दहा घरांत पोचलेली असते. त्रास झालेली बाई मात्र गप्प बसते, कारण तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून आपल्या कानावर नेहमी चांगलंच येतं.

आपल्या त्वचेच्या वरच्या थराला नवं व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्तच. त्यामुळे डागांवर सावकाश काम करणाऱ्या गोष्टी, म्हणजे नायसिनामाइड, अझेलेइक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी, यांचा फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. सनस्क्रीन रोज लावलं नाही तर तेवढ्यातही दिसत नाही. मुरमांसाठी डॉक्टर देतात ती अ‍ॅडापलीनसारखी औषधं तर सुरुवातीला चेहरा थोडा बिघडवतात आणि मग सुधारतात. म्हणजे सरळ वागणाऱ्या वस्तू आठव्या दिवशी फारसं काही दाखवतच नाहीत. मी तर आता आठ दिवसांत रंग बदलला असं कोणी सांगितलं, की आधी विचारते, ट्यूब दाखव.

ट्यूबवर काय बघायचं? औषध असेल तर इंग्रजीतलं आर-एक्सचं चिन्ह असतं आणि शेड्यूल एचचा इशारा असतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. आधी लावायच्या स्टेरॉइडना यातून पळवाट होती. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं त्या यादीत आणली. तरी दुकानात काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. मग घटकांची नावं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एक जरी दिसलं तर ते स्टेरॉइड. अक्षर बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघायचं.

आता ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नसतं तिचं काय? ही गोष्ट आणखी गंभीर आहे. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या लक्षात आलं की एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढलेत. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे त्या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांत एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याचं क्रीम लावत होते. कारण होता पारा. पारा त्वचेत रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. पायावर सूज येते, लघवीला फेस येतो. चेहऱ्यावर मात्र तेज असतं, म्हणून क्रीमवर कोणाचा संशय जात नाही.

आपल्याकडे अकोल्याचीही अशीच बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. पार्लरमधून आणलेलं क्रीम घरातल्या तिघी वापरत होत्या आणि तिघींची मूत्रपिंडं बिघडली. एकीला गुण आला म्हणून बाकीच्यांनी लावलं असणार. आपल्या घरांत असंच होतं ना? आणि पाऱ्याचं क्रीम दुसऱ्याने लावायचीही गरज नसते. टॉवेल, उशी, आईच्या गालाला गाल लावणारं मूल, एवढ्यानेही तो पसरतो.

नियम काय म्हणतो? २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे साध्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. अर्थात पारा घालणारा माणूस डबीवर तसं लिहीत नाही. म्हणून बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, परदेशी असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक नाही, अशी डबी कितीही प्रेमाने कोणी दिली तरी नको म्हणा. ‘सोन्या-चांदीचे दागिने काढून लावा’ अशी सूचना असेल तर ती पाऱ्याचीच खूण समजा.

केसांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळा भाग होईल. केस सरळ करण्याच्या काही मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या काही मिश्रणांत ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असतं. २०२४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका बाईची नोंद आली, तिला दर वेळी केस सरळ केल्यावर मूत्रपिंडाचा त्रास झाला, तीनदा. आणि केसांचा काळा रंग किंवा ‘काळी मेंदी’ लावण्याआधी दर वेळी कानामागे थोडी लावून ४८ तास थांबा. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही असं नसतं. खरी मेंदी काळी कधीच होत नाही, तिचा रंग केशरी-तपकिरीच.

आता तुम्ही म्हणाल, मग क्रीमचीही अशीच चाचणी घेऊ. जरूर घ्या. नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर, दिवसातून दोनदा लावून बघा. पण यात एक मेख आहे. ही चाचणी अ‍ॅलर्जी आणि आग ओळखते. स्टेरॉइड तर आग आणि लाली दाबूनच टाकतं, त्यामुळे ते या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून पास होतं. पाराही तिथे सापडत नाही. म्हणून आधी ट्यूब वाचायची, मग कोपर.

ही मालिका मी आता कशी करते तेही सांगते. एका वेळी एकच नवी वस्तू. पूर्वी मी क्रीम, सनस्क्रीन आणि काकडीचा रस एकदम सुरू करायचे आणि श्रेय क्रीमला द्यायचे. दर रविवारी सकाळी त्याच खिडकीपाशी, तोंड धुऊन, फिल्टर न लावता एक फोटो. बारा आठवड्यांच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक शब्द नाही. वस्तू फुकट मिळाली असेल तर ते सुरुवातीलाच सांगायचं. ते सांगणं आता कायद्यानेही लागतं, आणि लागायलाच हवं. आणि चिठ्ठीवर मिळणारं औषध कितीही गुणकारी असलं तरी त्याचं नाव मी घेणार नाही.

ज्यांच्याकडे आज अशी ट्यूब आहे आणि जी बंद करता येत नाही, त्यांच्यासाठी. घाबरून एकदम फेकून देऊ नका आणि पुढेही लावत बसू नका. ट्यूब पिशवीत घाला आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. किती महिने लावली ते खरं सांगा, लाजू नका. ते एकदम बंद करायची की हळूहळू, हे चेहरा बघून ठरवतात. काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, याची मनाची तयारी ठेवा. आणि बिनपत्त्याचं क्रीम लावत असाल तर ते आजच थांबवा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

माझ्या बहिणीला सात महिने लागले. लग्नात तिने मेकअप फार हलका केला, कारण चेहरा काही सहनच करत नव्हता. आता पुरळ गेलंय, आग होत नाही. उजव्या गालावरच्या दोन शिरा अजून दिसतात. हा भाग बोलण्याआधी मी तिला फोन करून विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? ती म्हणाली, ‘सांग. पण ताई, या वेळी ट्यूब दाखवू नकोस.’

पुढच्या भागात कोंडा. त्यातही बरंच कोणी काय काय सांगून ठेवलंय.