जांघेतील न थांबणारी खाज : कारण, चुकीचे मलम आणि योग्य उपचार

या पाठात आपण अशा त्रासाची माहिती घेणार आहोत, ज्याबद्दल डॉक्टरांशी बोलायलाही संकोच वाटतो.

बेंगळुरूची हवा थंड म्हणून ओळखली जाते. तरी जून ते ऑक्टोबरच्या पावसात वसतिगृहाच्या किंवा पीजीच्या खोलीत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. त्यावर घट्ट जीन्स आणि रहदारीत दुचाकीवर गेलेले तास. जांघेतील घाम आणि घर्षण बुरशीला पोषक ठरते.

१. खाज कशाची?
जांघेत गोल, कडेला लाल व उंच आणि मध्ये फिकट असा चट्टा दिसला, तर तो बहुधा नायटा असतो. यालाच गजकर्ण म्हणतात. ही बुरशी त्वचेतील केराटिन या प्रथिनावर जगते. पुरुषांमध्ये वृषणावरची त्वचा बहुधा यातून सुटते. तीही लाल झाली असेल, तर कँडिडा या दुसऱ्या बुरशीचा विचार करावा लागतो. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांतही असेल आणि खोलीतील इतरांनाही असेल, तर ती खरूज असू शकते. साबण किंवा केस काढण्याच्या क्रीमचीही ॲलर्जी होते. कारणानुसार औषध बदलते.

२. लवकर आराम देणारे मलम घातक का?
औषध दुकानातून सांगून आणलेल्या अनेक मलमांत बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतात. स्टेरॉइड त्वचेचा दाह दाबते, त्यामुळे लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते. पण त्याबरोबर शरीराचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी पसरत राहते. मलम थांबवले की खाज दुपटीने परतते. चट्ट्याची कड पुसट झाल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. शिवाय हाताच्या त्वचेच्या तुलनेत वृषणाची त्वचा स्टेरॉइड सुमारे 42 पट शोषते, असे मोजले गेले आहे. जांघेत पडलेले ताणाचे व्रण कायम राहू शकतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडयुक्त अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करणारा नियम केला.

३. प्रश्न एकट्याचा नाही
भारतात पसरलेल्या एका बुरशीला 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिले. टर्बिनाफिन हे औषध बुरशीचे एक विकर रोखते. या बुरशीच्या अनेक प्रकारांत त्याच विकराच्या जनुकात बदल झालेला असतो, त्यामुळे औषध लागू पडत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधूनही तिचे रुग्ण नोंदले गेले.

४. योग्य उपचार
• त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बेंगळुरूत व्हिक्टोरिया आणि बौरिंग या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून बुरशी ओळखता येते.
• आधी लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या. काहीही लपवू नका.
• स्टेरॉइडविरहित बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस उपचार चालू ठेवा.
• पोटातील गोळ्या स्वतःहून घेऊ नका. काहींचा यकृतावर परिणाम होतो.
• टॉवेल, अंतर्वस्त्रे कोणाशी वाटून घेऊ नका. कपडे उन्हात पूर्ण वाळवा. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्यांवरही उपचार करा आणि अंतर्वस्त्राआधी मोजे घाला.

फोड, जखम, ताप, योनीतून स्राव, मधुमेह किंवा गर्भारपण असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

लक्षात ठेवा : खाज थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. आणि हा रोग अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा पुरावा नाही. तो बुरशीचा आहे, आणि संकोचाने तो लांबतो.