विश्लेषण : सरकारी कर्मचाऱ्यांची सेवावृत्ती मोजता येते का?

‘सरकारी नोकरीत का यायचे आहे?’ या प्रश्नावर मुलाखतीला बसलेला उमेदवार सहसा एकच उत्तर देतो – ‘समाजाची सेवा करायची आहे.’ यात खरे बोलणारे कोण आणि पाठ करून आलेले कोण, हे ओळखण्याची पद्धत अभ्यासक तीन दशकांहून अधिक काळ शोधत आहेत.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत १९७८च्या कायद्याने मधल्या फळीतील केंद्रीय अधिकाऱ्यांचे वेतन कामगिरीशी जोडले गेले. त्यातून अपेक्षित परिणाम साधला नाही. सरकारी माणूस केवळ पैशासाठी काम करत नसेल, तर मग कशासाठी? जेम्स पेरी आणि लोइस वाइज यांनी १९९० मध्ये त्याला ‘लोकसेवा प्रेरणा’ असे नाव दिले. १९९६ मध्ये पेरी यांनी २४ विधानांची प्रश्नावली तयार केली. धोरणनिर्मितीची ओढ, लोकहिताशी बांधिलकी, करुणा आणि स्वार्थत्याग हे तिचे चार भाग. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत, एवढेच कर्मचाऱ्याने सांगायचे.

प्रश्नावलीवर विश्वास ठेवावा का?

अडचण उघड आहे. ‘मला लोकांची कणव नाही’ असे लिहून कोण देईल? शिवाय २०१३ मध्ये १२ देशांत १६ विधानांची सुधारित प्रश्नावली वापरून पाहिली, तेव्हा त्याच शब्दांचा अर्थ देशागणिक बदलतो असे दिसले. त्यामुळे अमुक देशाचे कर्मचारी तमुक देशापेक्षा अधिक सेवाभावी, अशी क्रमवारी लावणे धोक्याचे ठरते.

फासे काय सांगतात?

रेमा हॅना आणि शिंग-यी वांग या अर्थतज्ज्ञांनी बंगळूरुत वेगळी वाट धरली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्येकी ४२ वेळा फासा टाकून पडलेले अंक स्वतःच नोंदवायला सांगितले. जितके अंक जास्त, तितके पैसे जास्त. बघायला कोणी नाही. एकट्यादुकट्याची लबाडी यात पकडता येत नाही, नशीब जोरावर असू शकते. पण ४२ फाशांची सरासरी बेरीज १४७ येते. प्रामाणिक खेळात शंभरात एखाद्यालाच गाठता येईल अशी बेरीज जवळपास एकतृतीयांश विद्यार्थ्यांनी नोंदवली. असे जादा अंक सांगणाऱ्यांचा कल सरकारी नोकरीकडे अधिक होता. परोपकारी वृत्ती दाखवणाऱ्यांचा कमी. मते विचारणाऱ्या प्रश्नांतून मात्र नोकरीच्या पसंतीचा असा अंदाज बांधता आला नाही.

हाच खेळ सरकारी परिचारिकांना दिला, तेव्हा जादा अंक नोंदवण्याचा आणि खोटी कारणे देऊन गैरहजर राहण्याचा संबंध आढळला. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वर्षे घालवणाऱ्यांच्या राज्यात आणखी एक निष्कर्ष बोचणारा आहे : केवळ हुशारीवर निवड केल्याने हे प्रमाण बदलत नाही.

म्हणजे सरकारी नोकरी लबाडांनाच खुणावते?

तसे नाही. डेन्मार्कमध्ये अशाच प्रयोगात उलट चित्र दिसले. तिथे प्रामाणिक विद्यार्थीच सरकारी सेवेकडे वळत होते. नोकरीत वरकमाईची किती संधी आहे असे लोकांना वाटते, यावर बरेच अवलंबून असावे.

सेवाभाव जास्त म्हणजे काम चांगले, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. झांबियात २०१० मध्ये आरोग्यसेवकांची भरती करताना काही जिल्ह्यांत जाहिरातीचा भर समाजसेवेवर होता, काहींत बढतीच्या संधींवर. बढतीची जाहिरात पाहून आलेल्यांनी २९ टक्के जास्त घरभेटी दिल्या.

मग या मोजमापाचा उपयोग काय?

निवडीसाठी वापरले, तर वर्षभरात त्याचेही क्लासेस निघतील. निनावी पाहणीला ती भीती कमी. ब्रिटनमध्ये २००९ पासून दरवर्षी मुलकी कर्मचाऱ्यांची अशी पाहणी होते, त्यात व्यक्तीला नव्हे, विभागाला गुण मिळतात. महाराष्ट्रात २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरले. तो देणाऱ्याचे मन कामात आहे की नाही, हे त्या मुदतीवरून कळत नाही.